अपसव्य मास्तर

तिकीट काढून थेटरात शिरायचं, दिवे गेले की पुढच्या बाकावर ऐटीत बसायचं, पडद्यावर पहिले दोन-चार देखावे हलले न हलले तोच डोक्यावर टोपी चढवायची आणि लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत चालतं व्हायचं. असा माणूस तुम्ही पाहिला आहे? मी पाहिला आहे. आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. सोलापुरात बोलपट यायच्या आधी सात-आठ वर्षं या माणसानं एकही सिनेमा पुरा पाहिला नाही आणि एकाचीही सुरुवात चुकवली नाही.

विष्णुपंत मास्तर त्यांचं नाव. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. उंची इतकी, की फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात आंबा काढायला बाकीच्या मास्तरांना स्टूल लागे, आणि विष्णुपंत तिथं वाकून काढत. आता तुम्ही म्हणाल, फुगवतो आहे. फुगवतोच. मी गिरणीत टाइमकीपर, दिवसभर खरंच लिहावं लागतं, मग उरलेल्या वेळात माणसानं करायचं काय? आमच्या सौभाग्यवतीनं सगळ्या पाहुण्यांना सांगून ठेवलं आहे, "ह्यांनी काही सांगितलं की निम्मं करून घ्यायचं." तेव्हा तुम्हीही करून घ्या. माझी हरकत नाही.

थेटर मल्लाप्पांचं. थेटर कसलं, पत्र्याची शेड. आधी तिथं सरकीचं गोदाम होतं, त्यामुळं दुःखाच्या प्रसंगालाही नाकात सरकीचा वास यायचा. उन्हाळ्यात दुपारच्या खेळाला आत इतकं तापे, की बायका घरून पापड कच्चेच आणत आणि मध्यंतरापर्यंत ते भाजून निघत. पत्र्याला खिळ्यांची भोकं. त्यांतून उन्हाच्या काड्या अंधारात उभ्या राहायच्या आणि पडद्यावर रात्र असली की त्या रात्रीला छिद्रं पडायची.

मास्तर बाहेर आले की थेट तिकिटाच्या खिडकीशी. आत मल्लाप्पा बसलेले, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळावर भस्म, समोर गल्ला.

"एन्री मास्तर, आलात व्हय भाईर? काय म्हणतंय चित्र?"

"पाळणा आधी दाखवलाय, मल्लाप्पा."

"दाखवंना का. लेकरू असंल."

"लेकरू नाही. पाळणा रिकामा आहे आणि हलतोय. खोलीत माणूस नाही. मग हलवला कुणी?"

"वारा असंल की हो!"

"खिडक्या बंद दाखवल्या आहेत. मुद्दाम. आधी खिडकी, मग पाळणा." मास्तर खिडकीच्या गजांना तोंड लावून हळू आवाजात विचारत, "आणि कॅमेरा कुठं ठेवलाय पाहिलंत? आढ्याशी. त्या उंचीवरून माणूस बघत नाही. सांगा पाहू, बघणारा कोण?"

मल्लाप्पांचा हात आपसूक गळ्यातल्या डबीकडं जायचा.

"आई मरणार," मास्तर निकाल द्यायचे. "आणि ती मेलेलीच आहे. आपण तिच्या डोळ्यांनी बघतो आहोत."

"अय्यो, हळू बोला की! बायका रांगेत हायत. रडायचं ते आत जाऊन रडायचं असतंय. हितंच रडून घेतलं तर तिकीट कोण काढंल?"

पण आई मरायचीच. मास्तरांचं कधी चुकलं नाही. पहिला देखावा बघून हा माणूस सांगायचा कोण बुडणार, कुणाला वेड लागणार, कुठलं लग्न मोडणार. शेवटी मल्लाप्पांनी त्यांच्याशी तह केला. मास्तरांनी बाहेर येऊन गप्प बसायचं, त्या बदल्यात मल्लाप्पांनी चहा पाजायचा. मास्तर चहा प्यायचे आणि गप्प बसायचे, पण चेहरा असा करायचे की बघणाऱ्याला कळे, आत कुणीतरी जाणार आहे.

सिनेमाच्या सुरुवातीला ते 'उंबरा' म्हणत. मला एकदा म्हणाले, "टाइमकीपर, बाकी सिनेमात काय असतं? माणसं येतात, ओठ हलवतात, पाटी येते, आपण वाचतो. खरं काय ते उंबऱ्यात. दिग्दर्शक पुढं वाटेल तेवढं खोटं बोलेल, तुमच्यासारखं. पण दार उघडताना माणूस गाफील असतो. आधी काय दाखवलं, नंतर काय दाखवलं, कुठून दाखवलं आणि काय दाखवायचं टाळलं, एवढं धरा. झालं."

ही विद्या ते घरीदारीही चालवत. माझ्या मेहुणीला बघायला टेंभुर्णीची मंडळी आली होती. मास्तर ओटीवर बसलेले. दार उघडलं आणि आधी एक छत्री आत आली, मग नवरामुलगा. मास्तर माझ्या कानाशी लागले, "उंबऱ्यात छत्री आधी. हे स्थळ नको." बाहेर लख्ख ऊन होतं, पावसाचं नाव नाही. आम्ही ऐकलं, नकार कळवला. पुढं समजलं की तो मुलगा न्हाणीतसुद्धा छत्री उघडून बसायचा. बरं, निम्मं करा. मिटून बसायचा.

इथवर कुणालाही हसू येईल. पण मास्तरांची दुसरी एक खोड होती, ती बघून हसावं की दूर सरावं कळत नसे. हा माणूस सगळं डाव्या हातानं घ्यायचा. डावखुरा नव्हता. फळ्यावर उजव्यानं असा गोल काढायचा, की परकार लाजेल. पण चहाची बशी डाव्या हातात, ती थरथरायची, निम्मा चहा धोतरावर. सुपारी डाव्या हातानं. आमच्या घरी सत्यनारायण होता, भटजींनी प्रसाद पुढं केला तर मास्तरांनी डावा तळवा पसरला. भटजी म्हणाले, "मास्तर, उजवा." मास्तर हसले, तळवा तसाच. प्रसाद कितीतरी वेळ हवेत. शेवटी आमच्या सौभाग्यवतीनं मध्ये वाटी धरली आणि सत्यनारायण वाचला.

मल्लाप्पांशी तर यावरून रोजची झकाझकी. दुपारच्या खेळाचं पहिलं तिकीट म्हणजे त्यांची भवानी. मास्तर हटकून सगळ्यांच्या आधी येणार आणि डाव्या हातानं पैसे पुढं करणार.

"उजवा, मास्तर, उजवा! भवानी हाय. डाव्या हाताचं नाणं गल्ल्यात टाकत नसतंय मी. लक्ष्मी पाठ फिरवतीया."

"मग थांबतो."

आणि थांबायचे. भर उन्हात बाजूला उभे राहायचे, दुसऱ्या कुणाच्या हातची भवानी होऊ द्यायचे, मग पुन्हा डावाच हात. इतका शिकलेला माणूस, पण उजवा हात काही पुढं यायचा नाही.

आता त्या चित्रपटाचं सांगतो. नाव सांगत नाही. कंपनीवाले हयात आहेत आणि मला कोर्टाची पायरी उंच वाटते. एका हिवाळ्यात ही कंपनी सोलापुरात येऊन सिद्धेश्वराच्या तळ्यावर काही देखावे काढून गेली होती. पुढं दोन वर्षांनी तो सिनेमा मल्लाप्पांच्या थेटरात लागला तेव्हा अख्खं गाव आपलं तळं बघायला लोटलं. सिनेमा सुरूच तळ्यानं होतो. घाटाच्या पायऱ्या, बायका धुणं धुताहेत, एक भटजी कमरेएवढ्या पाण्यात उभे आहेत, मागून काठानं एक टांगा जातो. टांग्यात नायक, बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला. एवढंच.

आणि थेटरात भांडण जुंपलं. कारण तळ्याकाठचा आमचा किल्ला पडद्यावर भलत्याच हाताला होता. कुणी म्हणालं, हे आपलं तळंच नव्हे. कुणी म्हणालं, मग पायऱ्या आपल्या कशा? एक पैलवान तर उठून म्हणाला, "किल्ला हिकडचा तिकडं झाला आन् आमाला कुणी सांगितलं न्हाय?" या कालव्यात पुढच्या बाकावरून मास्तर उभे राहिले. चेहरा पडद्याच्या उजेडात पांढरा. ओरडले, "अपसव्य! सगळं अपसव्य आहे!"

थेटर चिडीचूप झालं. जानवं नेहमी डाव्या खांद्यावर. फक्त श्राद्धाला, पितरांना पाणी देताना, ते उजव्या खांद्यावर घेतात. त्याला म्हणायचं अपसव्य. आणि खरंच, पाण्यातल्या त्या भटजीचं जानवं उजव्या खांद्यावर होतं. तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मल्लाप्पांच्या तर येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्यात जानवं नसतं. आता सगळ्यांनी पाहिलं आणि अंगावर काटा आला. तेवढ्यात मास्तर चालत पडद्यापर्यंत गेले, कडेनं वळले आणि पडद्याच्या मागं गेले. परत आले नाहीत.

त्या दिवसापासून ते अपसव्य मास्तर.

पडद्याच्या मागं तेव्हा जागा असायची, हे आजच्या पोरांना खरं वाटणार नाही. पडदा कापडाचा. खेळाआधी त्यावर बादलीनं पाणी मारायचं, ओल्या कापडातून चित्र पलीकडं उतरायचं. मागं बसणाऱ्याला सगळं उलटं दिसे, पाट्यांची अक्षरं उलटी, म्हणून तिकीट अर्ध्या भावात. ज्याला वाचता येत नाही त्याला अक्षर सुलटं काय नि उलटं काय.

मल्लाप्पांनी तो सिनेमा पुढं कायमचाच विकत घेतला. नव्या सिनेमाची पेटी आगगाडीनं वेळेवर आली नाही की हा लावायचा. गिऱ्हाईक तुरळक, मागं तर कुत्रंही फिरकत नसे. फक्त अपसव्य मास्तर. पडद्यामागं गोणपाटावर एकटेच. उंबरा झाला की उठून जायचे. गावात बोलवा उठली की ते तिथं कुणाशी तरी बोलतात. आपरेटर उस्मानभाई शपथेवर सांगायचा, "मशीन की घरघर में बी आवाज आता, भाई. बोलते, 'आली. आली. बस आता.' कौन आली? मैं तो उधर देखताच नै."

मला भुताची भीती वाटत नाही. दिवसा तर मुळीच नाही. म्हणून वैशाखातल्या एका दुपारी, पेटी आली नव्हती, मी मास्तरांच्या आधीच मागं जाऊन गोणपाटावर बसलो.

बाहेर डांबर वितळत होतं. पडद्यामागं मात्र थंड. नुकतंच पाणी मारलेलं, कापडातून टप टप गळत होतं आणि सरकीच्या वासात ओल्या कफनीसारखा वास मिसळला होता. मास्तर आले, मला बघितलं आणि शेजारी बसले. पलीकडं मशीन घरघरलं. कापडाच्या मधोमध मशीनच्या उजेडाचं एक पांढरं बुबुळ उघडलं. पुढं बसणाऱ्यांच्या ते पाठीशी असतं, दिसत नाही. मागं ते सरळ तुमच्या डोळ्यांत बघतं.

आणि मग त्या ओल्यातून माणसं वर आली. दुसरा शब्द नाही मजजवळ. पाणी ओघळत होतं तसे त्यांचे चेहरे ओघळत होते, पुन्हा जागेवर येत होते. पायऱ्या. भटजी. बायका. कुणाचा आवाज नाही, फक्त टप टप. माझी टोपी टाळूपासून वीतभर वर उचलली गेली. हिचं निम्मं करू नका.

"आली," मास्तर पुटपुटले.

सगळ्यांत खालच्या पायरीवर एक बाई. लहानखुरी. पिळा बाजूला ठेवला, हात पाण्यात बुडवला आणि ओल्या हातानं तोंड पुसलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, लहान मूल पुसतं तसं. मग वर बघितलं. नेमकं आमच्याकडं. टांगा मागून निघून गेला, पाटी आली, अक्षरं उलटी. ती गेली.

"कोण?" मी विचारलं. 

"घरातली," मास्तर म्हणाले.

मी या बिऱ्हाडात राहायला आलो त्याच्या आधीच मास्तरांची पत्नी तापानं गेली होती. सिनेमा काढला गेला आणि गावात लागला, त्यामधल्या उन्हाळ्यात. एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं त्यांनी त्या दिवशी सांगितलं, गोणपाटावर बसून, शाळेत धडा सांगावा तसं.

"टांगा काठानं उजवीकडून डावीकडं गेला होता. मी स्वतः बघत उभा होतो, शाळा बुडवून. पण पुढचा देखावा काढला दुसऱ्या गावात, तिथं टांगा डावीकडून उजवीकडं. दोन्ही जोडले तर काय दिसेल? गडी घरी निघाला होता, वाटेत घाबरून माघारी फिरला. मग कंपनीनं युक्ती केली. पहिला देखावा पालथा करून छापला. फिल्म म्हणजे काच, दोन्हीकडून दिसतं. टांगा सुलटा झाला. किल्ला इकडचा तिकडं गेला, भटजीचं जानवं फिरलं. त्याचं कुणाला काय? त्यांना टांग्याशी मतलब."

"मग वहिनी?"

"ती डावखुरी होती, टाइमकीपर."

मास्तरांनी आपला डावा तळवा उलटा करून पाहिला, मग सुलटा.

"माहेरी कुणी अडवलं नसावं. सासरी आली आणि पहिल्याच हळदीकुंकवाला डाव्या हातानं कुंकू लावायला गेली. आई ओरडली. मग मीही ओरडायला लागलो. मी मास्तर; वर्गात डाव्या हाताच्या पोरांच्या बोटांवर पट्टी मारायचो, ती सवय घरीही आली. वर्षभरात तिनं उजवा हात बसवला. वाढणं, दळणं, रांगोळी, सगळं उजव्यानं. मी म्हटलं, सुटली खोड. सुटली नव्हती. तिला वाटलं कुणी बघत नाही, तिथं ती डाव्या हातानं तोंड पुसत होती. त्यानंतर मी तिचा डावा हात फक्त या देखाव्यात बघितला. पुढून बसलो तर तोही उजवा दिसतो. सिनेमावाल्यांनीसुद्धा तिला उजवी केली." त्यांनी ओल्या कापडाकडं बोट केलं. "लोक म्हणतात मी पितरांच्या बाजूला बसतो. उलट आहे. अपसव्य तुम्ही बघता. इकडून ती आहे तशी आहे."

मी उठलो तेव्हा माझे पाय ओले होते. घरी येऊन सौभाग्यवतीला सगळं सांगितलं. तिनं निम्मं करून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांकडं पिठलं नेऊन दिलं, आणि वाटी त्यांच्या डाव्या हातात दिली.

आणि मग बोलपट आला.

मल्लाप्पांनी मशीन बदलायचं काढलं. मुंबईहून भोंगे आले, रांजणाएवढे. ते पडद्याच्या मागं बसवायचे, म्हणजे आवाज चित्रातून येतो असं वाटतं. मागच्या जागेवर फळ्या ठोकल्या. गोणपाट बाहेर. पाणी मारायला आता वावच उरला नाही. आणि जुन्या सिनेमाचं काय? मल्लाप्पा म्हणाले, "कासाराला देणार हाय. फिल्लम वितळवून बांगड्या करतात म्हणं. मुक्या चित्राला आता कोण येतंय?"

मास्तरांना हे कळलं. शाळेत गेले, आंबा काढला. पोरं सांगत आली की मास्तरांनी आंब्याचा देठ खाली काढला.

मी मल्लाप्पांकडं गेलो. उस्मानभाई तिथंच मशीन पुसत होता. मी सांगितलं, जसं ऐकलं तसं, एक शब्द न फुगवता. मला फार अवघड गेलं. मल्लाप्पा ऐकून घेत होते आणि गल्ल्याचं झाकण उघडत-मिटत होते.

"म्हंजे मी ह्या माणसाला इतकी वर्सं उनात उभा करत होतो," म्हणाले. मग एकदम खेकसले, "आन् ह्यानं कदी बोलू ने? तोंड न्हाय ह्याला?"

"पन मालिक," उस्मानभाई फडकं झटकत म्हणाला, "पिच्छू जगा नै तो क्या हुआ? मैं फिल्लम पलटी करके डालता ना. नवा था तब गलती से डाल्या था. सब हरफ उलटे. तुमीच मेरा कान पकडे थे."

"तवा धरला. आता न्हाय धरत. घाल जा."

शेवटचा खेळ दुपारचाच ठेवला. पाटीवर खडूनं लिहिलं, जुन्या चित्राचा निरोपाचा खेळ. आणि सोलापूर निरोपाला येतं, गर्दी झाली. मास्तर सगळ्यांच्या आधी खिडकीशी. मला वाटलं, आज तरी मल्लाप्पा उजवा हात म्हणणार नाहीत, गुपचूप घेतील. तसं झालं नाही. मास्तरांनी डाव्या हातानं पैसे पुढं केले आणि मल्लाप्पांनी गजांतून आपलाही डावा हात बाहेर काढला.

"आणा, मास्तर. आज तुमच्या हातची भवानी."

ते नाणं गल्ल्यात पडल्याचा आवाज मी रांगेतून ऐकला.

मास्तर सवयीनं पडद्याच्या कडेकडं वळले, फळ्या दिसल्या, थांबले. मी त्यांना दंडाला धरून पुढच्या बाकावर बसवलं. त्यांना काही सांगितलं नव्हतं. दिवे गेले. ते खाली मान घालून बसले, तिचा उजवा हात बघायचा नाही म्हणून. मी कोपरानं ढोसलं. त्यांनी वर पाहिलं.

पडद्यावर किल्ला ज्या हाताला हवा त्या हाताला उभा होता. भटजीचं जानवं डाव्या खांद्यावर. मागं गर्दीत तो पैलवान ओरडला, "आला की रं किल्ला जागंवर!" हशा झाला. आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर, कोरड्या कापडावर, त्या लहानखुऱ्या बाईनं डावा हात पाण्यात बुडवला, तोंड पुसलं आणि वर पाहिलं. इतकी वर्षं ती त्या एकट्या माणसाकडं बघायची. आज साऱ्या थेटरातून तिनं त्यालाच शोधून काढलं. मी शेजारी होतो, मला कळतं.

टांगा उजवीकडून डावीकडं गेला. मग पाटी आली, उलटी. थेटरात एकच गिल्ला, शिट्ट्या, "उलटी! उलटी!" मल्लाप्पा दारात उभे राहून गरजले, "गप बसा की! उलटं वाचाया येत न्हाय तर शाळंत काय शिकला?" उस्मानभाईनं मशीन थांबवलं, फिल्म सुलटी केली, सिनेमा पुढं सुरू झाला.

मी मास्तरांच्या टोपीकडं बघत होतो. ती मांडीवरच होती.

"उठायचं नाही?" मी विचारलं.

"आज बसतो," ते म्हणाले. "नेहमी तिला तिथं घाटावर सोडून निघून जायचो."

ते शेवटपर्यंत बसले. नायक-नायिकेचं लग्न झालं, लोक उठले, पांगले. उस्मानभाई पेटी बांधायला लागला. मास्तर उठून पडद्यापाशी गेले आणि तिथंच उभे राहिले. मी मागोमाग गेलो, मल्लाप्पाही आले.

पडदा कोरडा ठणठणीत. मागं फळ्या, पाणी मारलेलं नाही, वर पत्रा भाजत होता. पण खाली, जिथं ती शेवटची पायरी येते, तिथं कापडावर तळव्याएवढी ओल होती. मल्लाप्पांनी बोट लावून पाहिलं आणि बोट डबीला लावलं. एरवी ते तिकिटाच्या भावाखेरीज कशाबद्दल खोटं बोलत नाहीत, त्यांना विचारा. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवून दिला आणि डाव्या हातानं ती ओल हळूच पुसली, वरून खाली, कुणाचं तोंड पुसावं तशी.

आता तुम्ही याचं निम्मं करणार. करा. ओल निम्मी केली तरी ओलच राहते.